हवाई विजयाचा पंचनामा : जर्मन लढाऊ वैमानिकांचे दावे कसे नोंदले आणि तपासले जात

एप्रिल १९१६ मध्ये व्हर्दनच्या रणक्षेत्रात, दुओमाँच्या किल्ल्याजवळ, मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन या तरुण जर्मन अधिकाऱ्याने एका फ्रेंच न्यूपोर विमानावर गोळ्या झाडल्या आणि ते खाली कोसळताना पाहिले. मात्र ते विमान पडले फ्रेंच फळीच्या मागे. त्यामुळे हा विजय त्याच्या नावावर कधीच लागला नाही. पुढे त्याच्या खात्यात ८० विजय जमा झाले, पण त्यांतला पहिला १७ सप्टेंबर १९१६ चा आहे. त्या दिवशी त्याने पाडलेले दोन आसनी ब्रिटिश विमान जर्मन ताब्यातील भूमीवर उतरले होते आणि तो स्वतः त्याच्या शेजारी आपले विमान उतरवून खात्री करून घेऊ शकला होता. एकाच माणसाच्या या दोन लढतींत पराक्रमाचा फरक नव्हता. फरक एवढाच होता, की एकीचा पुरावा हाती लागला आणि दुसरीचा लागला नाही. जर्मन वैमानिकांच्या विजयांचे आकडे वाचताना हा भेद सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो, कारण ‘मान्य झालेला विजय’ हा मुळात कागदपत्रे पाहून दिलेला निवाडा असतो. प्रत्येक निवाड्यामागे विमानाचा सांगाडा सापडलेलाच असतो असे नाही.

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरचे जर्मन वैमानिक बहुतेक वेळा आपल्याच फळीच्या बाजूला लढत. ब्रिटिश आणि फ्रेंच विमाने त्यांच्याकडे चालून येत, आणि पाडलेले विमान पुष्कळदा जर्मन सैनिकांच्या देखतच जमिनीवर आदळे. मग अवशेष तपासणे, विमानाचा किंवा इंजिनाचा क्रमांक टिपून घेणे आणि जिवंत सापडलेल्या वैमानिकाला कैद करणे सोपे होते. रिश्टहोफेनच्या ८० विजयांपैकी बहुतेकांची सांगड ब्रिटिशांच्या स्वतःच्या नोंदींतील नुकसानीशी घालता येते, त्याचे मोठे कारण हेच आहे. ब्रिटिशांचा हिशेब वेगळ्या पद्धतीचा होता. शत्रूचे विमान ताबा सुटून गिरक्या घेत खाली गेले, पण आदळताना कोणी पाहिले नाही, तरी ते विजय म्हणून धरले जाई. जुलै १९१८ मध्ये जेमतेम दोन आठवड्यांत १० विजय नोंदवणारे आणि २२ जुलैला फ्रान्सच्या आकाशात मारले गेलेले आपले इंद्रलाल रॉय यांच्या खात्यात ५ विमाने ‘नष्ट’ आणि ५ ‘ताबा सुटलेली’ अशी नोंद आहे. जर्मन नियमांची मोजपट्टी लावली असती, तर यांतली दुसरी पाच मान्य होणे कठीण होते. म्हणून दोन देशांच्या वैमानिकांचे आकडे नुसते शेजारी मांडून कोण श्रेष्ठ हे ठरवता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने, म्हणजे लुफ्तवाफने, ही तपासणी अधिक रीतसर केली. लढाऊ विमानांच्या तुकडीची रचना समजली की कागदाचा प्रवासही समजतो. दोन विमानांची जोडी म्हणजे रोट. दोन जोड्या मिळून श्वार्म. साधारण बारा विमानांचे पथक म्हणजे स्टाफेल. तीन किंवा चार स्टाफेल मिळून ग्रुप, आणि अशा तीन-चार ग्रुपांचे गेश्वाडर. वैमानिकाचा दावा स्टाफेलच्या कचेरीत लिहिला जाई, तेथून ग्रुपकडे, ग्रुपकडून गेश्वाडरकडे आणि पुढे वरच्या कार्यालयांच्या शिफारशी घेत बर्लिनच्या हवाई मंत्रालयात जाई. अंतिम मान्यता तेथेच मिळे. पथकाच्या प्रमुखाने शाबासकी दिली म्हणजे विजय मान्य झाला, असे नव्हते.

या कागदाला ‘आबशुसमेल्डुंग’ म्हणत, म्हणजे विमान पाडल्याची खबर. तो पाहिला की आपल्याला सरळ पंचनामाच आठवतो. त्यात विसाच्या आसपास प्रश्न असत. दिवस, तास, मिनिट आणि विमान पडले ती जागा. शत्रूच्या विमानाचा प्रकार, राष्ट्र आणि दिसलेली चिन्हे. विमान कसे नष्ट झाले : ज्वाळा निघाल्या का, धूर काळा होता की पांढरा, कोणते भाग तुटून उडाले, की ते सक्तीने उतरवावे लागले. आदळले कसे : आपल्या बाजूला की पलीकडे, उभे कोसळले की पसरट कोनात, जमिनीवर आग लागली की फक्त धुळीचा लोट उठला. आणि आदळताना दिसले नसेल, तर का दिसले नाही, याचेही उत्तर द्यावे लागे. विमानातल्या माणसांचे काय झाले, किती वेळा हल्ला केला, कोणत्या दिशेने, किती अंतरावरून, कोणत्या बंदुकांनी, किती काडतुसे खर्च झाली, आपल्या विमानाला काय इजा झाली, आणि या लढतीत दुसऱ्या कोणत्या तुकडीचा किंवा विमानविरोधी तोफखान्याचा हात होता का. अर्जासोबत वैमानिकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला लढतीचा वृत्तांत आणि साक्षीदारांचे जबाब जोडले जात.

यांतला काडतुसांचा रकाना मला विशेष बोलका वाटतो. विमान उतरल्यावर त्याच्या बंदुका पाहणारा शस्त्रकारागीर पट्ट्यांत उरलेली काडतुसे मोजू शकत असे, त्यामुळे वैमानिकाने सांगितलेली हकिगत आणि रिकाम्या झालेल्या पट्ट्या एकमेकांशी जुळतात का, हे निदान त्या तळावर तरी पडताळता येई. जागेचेही तसेच होते. नकाशा चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला क्रमांक दिलेला असे आणि दाव्यात गावाच्या नावाऐवजी अनेकदा तो चौकट-क्रमांकच लिहिला जाई. आज त्या दाव्यांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना या आकड्यांमुळेच लढतीची जागा पुन्हा नकाशावर बसवता येते.

साक्षीदार हा या सगळ्या व्यवस्थेचा कणा होता. तो हवेतला असे, म्हणजे बरोबर उडणारा दुसरा वैमानिक, किंवा जमिनीवरचा, म्हणजे पायदळातला सैनिक, तोफखान्याचा निरीक्षक किंवा टेहळणी नाक्यावरचा माणूस. साक्षीदारही नाही आणि अवशेषही नाहीत, अशा दाव्याला मान्यता मिळण्याची आशा नियमांप्रमाणे फारशी नसे, मग दावा करणाऱ्याची पदवी कितीही मोठी असो. वैमानिक शत्रूचे विमान पाडल्यावर रेडिओवर ‘होरिडो’ अशी आरोळी देत. ही मूळची शिकाऱ्यांची हाक. तिच्यात आनंद होता, पण तिचा एक व्यावहारिक उपयोगही होता : आसपासच्या जोडीदारांची नजर त्या बाजूला वळे आणि जमिनीवर ऐकणाऱ्यांना वेळ टिपून ठेवता येई.

दुसरा मोठा नियम असा, की एका विमानाचा विजय एकाच वैमानिकाला मिळे. ब्रिटिश हवाई दलात दोघांनी मिळून विमान पाडले तर प्रत्येकाच्या खात्यात अर्धा विजय जाई. फ्रेंचांकडे सहभागी झालेल्या प्रत्येकाला पूर्ण विजय मिळे, आणि अमेरिकेच्या आठव्या हवाई दलात जमिनीवर उभी असलेली विमाने उद्ध्वस्त केली तरी त्यांची वेगळी गणना होई. जर्मनांकडे अपूर्णांक नव्हते, जमिनीवरची विमाने हवाई विजयांत धरली जात नसत, आणि ‘बहुधा पाडले’ या सदरातला दावा अंतिम आकड्यात मिळवला जात नसे. दोन वैमानिकांपैकी नेमके कोणाच्या गोळ्यांनी काम केले हे ठरलेच नाही, तर विजय व्यक्तीऐवजी तुकडीच्या नावावर टाकता येई.

बर्लिनहून शेवटी येणाऱ्या मान्यतापत्राची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात अमुक तारखेला अमुक वैमानिकाने पाडलेले विमान अमुक स्टाफेलचा अमुकावा विजय म्हणून मान्य करण्यात येत आहे, असा मजकूर असे. म्हणजे कागदोपत्री विजय आधी पथकाचा होता आणि वैमानिकाचे नाव त्यात कर्ता म्हणून येई. हे पत्र यायला अनेक महिने लागत, कधी वर्षही उलटे. ज्याच्या नावाने पत्र निघाले तो वैमानिक तोवर मारला गेलेला असणे, ही त्या काळात नवलाची गोष्ट नव्हती.

विजय आणि पदक या दोन गोष्टींची वाचकांच्या मनात नेहमी सरमिसळ होते, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. युद्धाच्या सुरुवातीला २० विजयांवर ‘नाइट्स क्रॉस’ हे मानाचे पदक मिळे. वेर्नर म्योल्डर्सला ते मे १९४० मध्ये तेवढ्याच विजयांवर मिळाले. नंतर पूर्व आघाडीवर आकडे इतके फुगत गेले, की एरिश हार्टमानला तेच पदक ऑक्टोबर १९४३ मध्ये १४८ विजयांनंतर मिळाले. पश्चिमेकडे परिस्थिती उलटी होती. चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बफेकी विमाने दाट रचना करून येत आणि त्यांच्या असंख्य बंदुकांच्या माऱ्यात शिरणे जिवावर बेतणारे होते. म्हणून तेथे पदकांसाठी गुणांची पद्धत लागू झाली. एक इंजिनाच्या लढाऊ विमानाला १ गुण, दोन इंजिनांच्या विमानाला २ आणि चार इंजिनांच्या विमानाला ३. चार इंजिनांच्या विमानाला इतके घायाळ केले, की ते रचनेतून बाहेर फेकले गेले, तर त्याला ‘हेराउसशुस’ म्हणत आणि त्याचे २ गुण मिळत. अशा आधीच घायाळ झालेल्या विमानाचा शेवट करणाऱ्याला १ गुण मिळे. नाइट्स क्रॉससाठी ४० गुण लागत. हे गुण फक्त पदकांसाठी होते. ३ गुण मिळाले म्हणजे तीन विमाने पाडली असा अर्थ काढणे ही चूक आहे, आणि ती छापील मजकुरातही अधूनमधून आढळते.

आता या व्यवस्थेचा खरा प्रश्न. इतके प्रश्न, इतके जबाब, इतक्या सह्या असूनही मान्य झालेले विजय आणि शत्रूचे प्रत्यक्ष नुकसान यांत अंतर का पडते? पहिले कारण लढतीच्या वेगात आहे. ताशी पाच-सहाशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानातून शत्रूवर दोन-तीन सेकंद गोळ्या झाडायच्या आणि लगेच मान वळवून आपल्या मागे कोणी लागले आहे का ते पाहायचे, कारण पडणाऱ्या विमानाकडे टक लावून बसणारा माणूस पुढच्या क्षणी स्वतःच पडत असे. दुसरे कारण, विमान धूर सोडत सूर मारते म्हणजे ते मेलेच असे नाही. जीव वाचवण्यासाठी सूर मारून, इंजिनाला एकदम पूर्ण ताकद देऊन निसटताना काळा धूर निघतो, आणि वरून पाहणाऱ्याला तो आगीचाच वाटतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. एकाच पडणाऱ्या विमानावर तीन वैमानिकांनी वेगवेगळ्या क्षणी गोळ्या झाडल्या असतील, तर तिघांनीही खरेच बोलून तीन दावे केले जाऊ शकतात, आणि तिघांचेही साक्षीदार खाली एक विमान जळताना पाहिल्याचे प्रामाणिकपणे सांगू शकतात. आकाशात जितकी विमाने अधिक, तितका हा घोळ अधिक.

हा दोष एकट्या जर्मनांचा नव्हता. १५ सप्टेंबर १९४० च्या संध्याकाळी ब्रिटनने त्या दिवशी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले, आणि युद्धानंतर जर्मन कागदपत्रे उघडली तेव्हा प्रत्यक्ष आकडा साठीच्या आसपास निघाला. तेथेही मुद्दाम खोटे बोलणाऱ्यांमुळे आकडा वाढला नव्हता.

साक्षीची बलस्थाने आणि दुबळेपणा उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात एकाच उन्हाळ्यात दिसून येतात. तेथे हान्स-योआखिम मार्सेय हा वैमानिक इतक्या वेगाने विमाने पाडत असे, की त्याचा जोडीदार राइनर प्योटगेन याचे काम म्हणजे मार्सेयची पाठ राखणे आणि प्रत्येक विमान कोठे व किती वाजता पडले हे टिपून ठेवणे, एवढेच होऊन बसले होते. तुकडीत त्याला ‘उडते मोजयंत्र’ असे नावच पडले. ३ जून १९४२ रोजी बीर हकीमच्या आकाशात मार्सेयने सुमारे ११ मिनिटांत दक्षिण आफ्रिकेच्या पाचव्या स्क्वाड्रनच्या सहा टॉमाहॉक विमानांचा दावा केला. अशा गिरकीत स्वतः वैमानिकाला घड्याळाकडे पाहणे शक्यच नव्हते. दाव्यातील प्रत्येक मिनिट जोडीदाराच्या डोळ्यांवर आणि पेन्सिलीवर अवलंबून होते.

मात्र हीच रचना उलटीही फिरू शकते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच गेश्वाडरमधील, म्हणजे २७ व्या लढाऊ गेश्वाडरमधील, एका पथकातले चार वैमानिक एकत्र उडत आणि एकमेकांच्या विजयांना साक्ष देत. त्यांचे आकडे झपाट्याने वाढले. नंतर त्यांनी वाळवंटातल्या वाळूवर गोळ्या झाडल्याचे उघडकीस आले आणि ती चौकडी मोडण्यात आली. अर्ज भरलेला होता, साक्षीदार होते, काडतुसेही खर्च झालेली होती. नियमाला हवे असलेले सगळे हजर होते, फक्त शत्रूची विमाने पडलेली नव्हती. माझ्या मते जर्मन पद्धतीच्या काटेकोरपणाची स्तुती करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण विसरता कामा नये, आणि त्या एका प्रकरणावरून हजारो वैमानिकांना खोटे ठरवणाऱ्यांनी प्योटगेनची पेन्सिल विसरता कामा नये.

पूर्व आघाडीवर अडचण निराळी होती. लढती बऱ्याचदा सोव्हिएत बाजूवर होत आणि अवशेष हाती लागत नसत. हार्टमानच्या नावावर सर्वाधिक ३५२ विजय आहेत, त्याच्या पाठोपाठ गेरहार्ड बार्कहॉर्नचे ३०१ आणि ग्युंटर रालचे २७५. तिघेही ५२ व्या गेश्वाडरमध्ये लढले. हार्टमानचे आकडे वाढू लागले तेव्हा खुद्द सहकाऱ्यांच्या मनातही शंका आली. फ्रीडरिश ओब्लेसर याने ती उघड बोलून दाखवली. हार्टमानने भांडण न करता ओब्लेसरला आपल्या जोडीला उडवावे, अशी मागणी केली. त्याच्यासोबत उड्डाणे केल्यावर, डोळ्यांदेखत विमाने पडताना पाहून, ओब्लेसरनेच साक्षीदार म्हणून सह्या केल्या. हाच ओब्लेसर पुढे पश्चिम जर्मनीच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. एवढे मोठे आकडे संभवतात तरी कसे, याचे एक साधे उत्तर उड्डाणांच्या संख्येत आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिकांना ठरावीक मुदतीनंतर आघाडीवरून मागे घेत. जर्मन वैमानिक मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडत राहत. हार्टमानने सुमारे १,४०० मोहिमा केल्या आणि आठशेहून अधिक वेळा शत्रूशी गाठ पडली.

जर्मनीच्या स्वतःच्या आकाशात, १९४३ आणि १९४४ मध्ये, पुरावा पुन्हा पायाशी आला. बॉम्बफेकी विमान शेतात पडले की स्थानिक लष्करी कचेरीतले लोक जागेवर जात, शेपटीवरचा क्रमांक टिपत, मृतांच्या गळ्यातले बिल्ले पाहत. छत्रीने उतरलेल्या वैमानिकांना फ्रँकफुर्टजवळच्या ओबेरउर्सेल येथील चौकशी केंद्रात नेत. प्रत्येक पडलेल्या विमानाची फाइल तयार होई आणि अमेरिकन बॉम्बफेकी विमानांच्या फाइलींना ‘के-यू’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक दिला जाई. या फाइली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. रात्री लढणाऱ्या वैमानिकांचे दावे, ज्यांत हाइन्झ-वोल्फगांग श्नाउफरचे १२१ विजय सर्वाधिक आहेत, दिवसाच्या मोठ्या हवाई लढायांतील दाव्यांपेक्षा अधिक चांगले जुळतात, कारण अंधारात सहसा एकच वैमानिक एका विमानामागे लागे आणि जळते विमान जर्मन किंवा हॉलंडच्या भूमीवर पडे. येथे तंटा होई तो विमानविरोधी तोफखान्याशी. एकाच सांगाड्यावर तोफखान्याची तुकडी आणि लढाऊ विमानांची तुकडी दोघेही हक्क सांगत, आणि वरच्या कचेरीला निवाडा करावा लागे.

हे आकडे नाझी राजवटीच्या हातातले प्रचाराचे साधनही होते. सेनादलाच्या रोजच्या रेडिओ वार्तापत्रात वैमानिकांची नावे आणि विजयांची संख्या वाचली जाई, छायाचित्रे छापली जात, तरुण मुलांना त्यातून भुलवले जाई. त्यामुळे बर्लिनमधली तपासणी निव्वळ कारकुनी होती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पण म्हणून तपासणीच नव्हती असे म्हणणेही कागदपत्रांना धरून होत नाही. फेटाळलेले आणि प्रलंबित ठेवलेले दावेही नोंदींत दिसतात.

आज अभ्यासक पडताळणी करतात ती दोन्ही बाजूंची कागदपत्रे समोरासमोर ठेवून. जर्मन दाव्यांच्या याद्यांच्या सूक्ष्मफिती टिकून आहेत, मात्र १९४४ च्या अखेरीनंतरची साखळी तुटते, कारण शेवटच्या महिन्यांत कचेऱ्या पळापळीत होत्या आणि हवाई दलाचे पुष्कळ दप्तर जाळण्यात आले. सोव्हिएत बाजूची कागदपत्रे १९९१ नंतर पाहायला मिळू लागली. जुळवणीत बारीकसारीक खाचखळगे फार. जर्मन नोंदी बर्लिनच्या वेळेत आणि सोव्हिएत नोंदी मॉस्कोच्या वेळेत असल्यामुळे तास आधी जुळवून घ्यावे लागतात. हरिकेनला स्पिटफायर म्हणणे नित्याचे होते, म्हणून प्रकार जुळला नाही एवढ्यावरून दावा खोटा ठरवता येत नाही. शिवाय ‘नुकसान’ या शब्दाचा अर्थही दोन्हीकडे सारखा नाही. पोटावर उतरलेले आणि पंधरा दिवसांत दुरुस्त झालेले विमान ज्याने पाडले त्याच्या दृष्टीने पडलेच होते, पण ज्याचे होते त्याच्या वहीत ते नष्ट झाले नव्हते. जर्मन हवाई दल स्वतःचे नुकसान टक्क्यांत लिहीत असे आणि साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेलेले विमान बाद धरले जाई. म्हणजे ५५ टक्के मोडलेले विमान पाडणारा शत्रूचा वैमानिक जर्मन कागदांत शोधू गेला, तर त्याला बाद झालेल्या विमानांत आपला विजय सापडणारच नाही.

बर्लिनच्या गाटो येथील लष्करी संग्रहालयात मार्सेयच्या विमानाचे सुकाणू ठेवले आहे आणि त्यावर त्याच्या १५८ विजयांची नोंद रंगवलेली आहे. वैमानिक परतला की तळावरचे यांत्रिक कामगार अशा खुणा रंगवत आणि नवा पट्टा उठायला फार वेळ लागत नसे. बर्लिनचा कागद मात्र महिन्यांनी येई. ३० सप्टेंबर १९४२ रोजी मार्सेय इंजिनातल्या धुरामुळे विमानातून उडी मारताना मेला, आणि त्याच महिन्यात रंगवलेले पट्टे अजून नवे होते.